कतरला हरवलेला रस्ता आणि ‘हात उजवीकडे बसलाय’ची सबब

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एक विक्रम झाला. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एका लेनचा डांबरी थर अखंड टाकला गेला. गिनीज बुकात नोंद झाली आणि नितीन गडकरींनी अभिनंदन केले. आधीचा विक्रम कतरच्या नावावर होता, सुमारे २५ किलोमीटरचा. म्हणजे आपण कतरला तिपटीने हरवले.

अभिमानाचीच गोष्ट आहे. पण रस्ता नुसत्या डांबराचा नसतो. त्यावर कोण, कोणत्या बाजूने आणि कोणाच्या धाकाने गाडी चालवतो, यावर तो जगवतो की मारतो हे ठरते. कतर, सौदी, कुवेत, दुबईत ड्रायव्हरकी करणारी आपली पोरे वऱ्हाडातल्या अनेक मोहल्ल्यांत आहेत. तिकडे सगळीकडे वाहने उजवीकडून चालतात. दोन वर्षांनी दोन महिन्यांच्या सुट्टीवर पोरगा घरी येतो, चुलतभावाची मोटारसायकल घेऊन निघतो आणि समोरच्याला धडकतो. मग मोहल्ल्यात एक वाक्य तयार असते: ‘बाहेरून आलाय बिचारा, हात उजवीकडे बसलाय.’

माझे भांडण या वाक्याशी आहे. ते पूर्ण खोटे नाही. ते अर्धे खरे आहे, म्हणून जास्त घातक आहे.

आधी खरा अर्धा भाग पाहू. सवय दगा देते, पण गर्दीत नाही. गर्दीत पुढच्या वाहनामागे माणूस आपोआप बरोबर बाजूने जातो. ती दगा देते मोकळ्या रस्त्यावर. पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, शेताच्या पांदणीतून डांबरी रस्त्यावर येताना, फजरच्या वेळी रस्ता रिकामा असताना. कार असेल तर स्टीअरिंग उजवीकडे आले आहे हे अंगाला जाणवते, गिअर डाव्या हातात येतो, शरीर सावध होते. मोटारसायकलला मात्र हॅण्डल मधोमध. ती इथेही तशीच, तिकडेही तशीच. काही बदलले आहे हे ती तुम्हाला सांगतच नाही.

याचे जगाला माहीत असलेले उदाहरण इंग्लंडमधले आहे. तिथेही आपल्यासारखेच डावीकडून चालतात. २७ ऑगस्ट २०१९ रोजी क्रॉटन येथील हवाई तळातून अ‍ॅन सकूलस ही अमेरिकन महिला गाडी घेऊन बाहेर पडली आणि आपल्या देशातल्या सवयीने उजवीकडून चालू लागली. समोरून मोटारसायकलवर हॅरी डन हा १९ वर्षांचा मुलगा आला आणि जिवाला मुकला. राजनैतिक संरक्षणाचा आधार घेऊन ती अमेरिकेत परतली. आईबापांनी मात्र पिच्छा सोडला नाही. २०२२ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने आठ महिन्यांची शिक्षा दिली, तीही स्थगित. शिक्षा पुरेशी होती का, यावर वाद होऊ शकतो. पण ‘सवय नव्हती’ एवढे म्हणून तिथे प्रकरण मिटले नाही.

आता खोटा अर्धा भाग. बाजू बदलली की माणसे मरणारच, असे असते तर स्वीडनमध्ये प्रेतांचा खच पडायला हवा होता. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता त्या अख्ख्या देशाने डावी बाजू सोडून उजवी धरली. एका दिवसात सगळेच ड्रायव्हर नवखे झाले. अपघात वाढले नाहीत, उलट सुरुवातीला कमी झाले, कारण प्रत्येक जण जपून चालवत होता. लोक नव्या बाजूला सरावले, निर्धास्त झाले आणि दोनेक वर्षांत आकडे पुन्हा पूर्वीच्या जागी आले. ज्याला आपण नवखे आहोत याचे भान आहे, तो हळू चालवतो. घात होतो तो भान नसलेल्याचा.

आणि आपला पोरगा तिकडे गेला तेव्हा काय झाले होते? आयुष्यभर डावीकडून चालवलेला माणूस तिकडे महिन्या-दोन महिन्यांत उजवीकडे सरावला. कारण तिकडे लायसन्स फुकट मिळत नाही. दुबईत क्लास करावे लागतात, परीक्षेत दोन-तीनदा नापास होणारे कितीतरी असतात आणि प्रत्येक वेळी खिशातले दिरहम जातात. सौदीत ‘साहेर’चा कॅमेरा कोणाच्या ओळखीपाळखीला जुमानत नाही. उलट दिशेने गाडी घातली तर तीन ते सहा हजार रियाल, म्हणजे पगार गेला. तिथे हात बरोबर बसतो. मायदेशी येऊन दोन दिवसांत तोच हात बसू शकत नाही, असे कसे?

कारण इथे डावी बाजू हा नियम राहिलेलाच नाही. जो कधी पासपोर्टच्या रांगेत उभा राहिला नाही, ज्याने मुंबईसुद्धा धड पाहिली नाही, तोही बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंत राँग साइडने बिनधास्त जातो. दूधवाला, कॉलेजची पोरे, बिनदिव्यांची ट्रॅक्टर-ट्रॉली, ढाब्याकडे वळणारा ट्रक. यांचा हात कुठे बसला होता? खरे सांगायचे तर डाव्या बाजूला अनोळखी असलेला चालक आखातातून येत नाही. तो एमएच २७ आणि एमएच ३० च्या पाट्या लावून इथेच फिरतो.

हिशेब करून पाहा. रात्रीची वेळ. तुम्ही आपल्या बाजूने ताशी ९० ने निघाला आहात, समोरून उलटा येणारा ४० ने. दोघांमधले अंतर सेकंदाला ३६ मीटरने कमी होते. डिपर दिव्याच्या उजेडात तो साठेक मीटरवर दिसला, तर तुमच्या हातात दोन सेकंदही नाहीत. ब्रेकवर पाय जाईपर्यंत त्यातला निम्मा वेळ संपतो. दुभाजक असलेल्या रस्त्यावर समोरून कोणी येईल, ही कल्पनाच चालकाच्या डोक्यात नसते. ती नसावी म्हणूनच तर दुभाजक बांधलेला असतो.

सरकारलाही इथे सोडता येणार नाही. चौपदरी रस्ता झाला की गावासमोरचा कट बंद होतो. ज्याचे शेत समोर दिसते, त्याला दोन-चार किलोमीटर जाऊन वळून यावे लागते. पेट्रोल महाग, वेळ नाही, बैलजोडी दमलेली. तो उलटा जातो. हे चूकच आहे, पण हे घडणार हे नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरला माहीत नव्हते का? भुयारी मार्ग कुठे हवा, सर्व्हिस रोड कुठपर्यंत हवा, हे गावकऱ्यांना विचारून ठरवायला किती तास लागतात? १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबर टाकणाऱ्या देशाला तेवढा वेळ काढता यायला हवा.

कायदाही कागदावर आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये उलट दिशेने वाहन चालवणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड. पण एजंटच्या हाती कागद देऊन, दोन मिनिटे गाडी फिरवून ज्याला लायसन्स मिळाले, तो या कलमाला कशाला भिणार?

आता घरचे बोलू. अपघात झाला की आपल्यात दोन वाक्ये ऐकू येतात: ‘तकदीर थी’ आणि ‘आपस में निपटा लो’. मरणाची घडी अल्लाहच्या हाती आहे, हे आपण मानतो. पण गाडी कोणत्या बाजूने घालायची, हे तर तुमच्या हातात होते. आपल्या शरीयतने चुकून झालेल्या हत्येचा वेगळा विचार केला आहे. सूरह निसामध्ये त्याचा हुकूम आहे: वारसांना दियत, शिवाय कफ्फारा. वारसांनी माफ केले तर दियत सुटते, कफ्फारा तरीही उरतो. म्हणजे ‘मुद्दाम नाही केले’ या वाक्याने सुटका होत नाही. जबाबदारी तिथून सुरू होते. रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणे हा इमानचा भाग आहे, हे मकतबातले लेकरूही सांगते. मग आपणच रस्त्यातला दगड झालो, तर त्याला काय म्हणायचे?

बिगरमुस्लिम वाचकांनाही एक विनंती. अपघाताची बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर आधी चालकाचे नाव शोधले जाते. नाव आपल्यातले निघाले तर अपघात, दुसऱ्याचे निघाले तर कारस्थान. राँग साइडला धर्म नसतो. तुम्ही नाव शोधत बसता, तोवर तो बंद कट, तो एजंट आणि तो बिनदिव्यांचा ट्रेलर सगळे आरामात सुटतात.

करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला मंत्री लागत नाही. बाहेरून आलेल्या पोराला पहिला आठवडा एकट्याने, विशेषतः रात्री, गाडी देऊ नका. नागपूरला उतरून तोच गाडी चालवत घरी येतो म्हणाला तर चावी काढून घ्या. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी वर्षातून दोनदा तरी रस्त्यावर बोलावे. हजच्या तरबियती कॅम्पमध्ये तवाफ-सईबरोबर हेही शिकवावे की मक्केत रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचे, कारण तिकडे जवळची गाडी डावीकडून येते. आपली म्हातारी माणसे जन्मभराच्या सवयीने उजवीकडे पाहून पाऊल टाकतात. आणि महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींनी भुयारी मार्गाचा ठराव करून तो पुन्हा पुन्हा पाठवावा.

पण सगळ्यात आधी ती सबब बंद करा. उद्या कोणी म्हणाले की ‘हात उजवीकडे बसलाय’, तर त्याला एवढेच विचारा: तिकडे उतरलास तेव्हा हात डावीकडे बसला होता, मग तिकडे किती जणांना धडकलास?