‘क्लोजर’ : मृत्युलेखाच्या आहारी गेलेली समीक्षा

जॉय डिव्हिजन या बँडची ‘क्लोजर’ ही ध्वनिमुद्रिका म्हणजे गायक इयान कर्टिसचे मृत्यूपूर्व निवेदन होय, हे विधान रॉक संगीताच्या समीक्षेत इतके रुळले आहे की ते सिद्ध करण्याची जबाबदारीही कोणी घेत नाही. त्यामागे आहे तो केवळ कालानुक्रम. ध्वनिमुद्रण मार्च १९८० मध्ये लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत झाले. १८ मे रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, कर्टिसने आत्महत्या केली. मुद्रिका जुलैत ‘फॅक्टरी’ने प्रसिद्ध केली. म्हणजे मुद्रिका हाती पडण्यापूर्वीच श्रोत्याच्या हाती तिचे तथाकथित उत्तर होते.

वेष्टनाचेच पाहावे. जिनोआच्या स्तालिएनो दफनभूमीतील आप्पियानी कुटुंबाच्या थडग्याचे बर्नार पिएर वोल्फ यांनी टिपलेले छायाचित्र कर्टिसच्या हयातीतच निवडले गेले होते. तरी आज ते भाकीत म्हणून वाचले जाते. बदलले ते चित्र नव्हे, पाहणाऱ्याची माहिती बदलली; एवढा भेद ज्या समीक्षेला करता येत नाही तिने शब्दांचे मर्म सांगू जावे, हे धारिष्ट्यच.

चरित्रवाद्यांचा एक मुद्दा मात्र सबळ आहे. १९७९ च्या आरंभी कर्टिसला अपस्माराचे निदान झाले होते, त्याचा संसार मोडकळीस आला होता. आणि त्याचे शब्द आपण केवळ गीतरचना मानले, अशी खंत सहकाऱ्यांनी पुढे बोलून दाखविली. ‘लेखकाचा मृत्यू’ हा बार्थचा सिद्धान्त हौसेने घोकणाऱ्यांनीही ही खंत ऐकावी. परंतु तो मित्रधर्माचा प्रांत झाला. जिवंत माणसाचे ऐकायचे राहून गेले, त्याची भरपाई मृताच्या कलाकृतीची उलटतपासणी करून होत नाही.

किंबहुना या भरपाईत ध्वनिमुद्रिकाच हरवते. ही चौघांची आणि निर्माता मार्टिन हॅनेटची कृती आहे. स्टीफन मॉरिसचे ड्रम हॅनेटने डिजिटल डिलेतून असे फिरविले की प्रत्येक आघाताभोवती एक थंड, रिकामी जागा उभी राहते. पीटर हुकची बास-गिटार तालाला टेकू देण्याऐवजी वरच्या सुरांत चाल धरते. ‘अॅट्रॉसिटी एक्झिबिशन’मध्ये (शीर्षक जे. जी. बॅलार्डच्या १९७० च्या पुस्तकाचे, हेही चरित्रवादी घाईत विसरतात) हुक आणि बर्नार्ड समनर यांनी वाद्येच बदलून घेतली, गिटारचा तो कर्कश, अनघड स्वर या अदलाबदलीतून आला आहे, कोणाच्या मनोव्यथेतून नव्हे. ‘गॉथिक’ हे विशेषण या बँडला १९७९ पासूनच चिकटले होते. पुढे त्या नावाची परंपरा झाली तेव्हा अनेकांनी खर्जातला आवाज आणि थडगी उचलली, ती रिकामी जागा उचलणे फार थोड्यांना जमले.

आणि ‘आयसोलेशन’चे काय? त्यातील यंत्रवत ताल आणि सिंथेसायझर ही उरलेल्या तिघांनी उभारलेल्या ‘न्यू ऑर्डर’ची पूर्वखूण आहे, १९८३ चे ‘ब्ल्यू मंडे’ याच वाटेवरचे. जी कृती अखेरचा दस्तऐवज म्हणून वाचली जाते तिच्यातूनच नृत्यगृहाकडे वाट कशी गेली, याचा खुलासा चरित्रवाद्यांकडून अद्याप यावयाचा आहे.