गल्लोगल्ली ट्यूशन, पण फिजिक्स समजावून सांगणारा मास्तर मिळेना

दोन महिने मी एक मास्तर शोधत होतो. बातमीसाठी नाही, घरच्या कामासाठी. पण शोधता शोधता लक्षात आलं की बातमी तर हीच आहे, म्हणून इथं लिहितोय. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात अकरावी-बारावी सायन्सचं लेकरू आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

माझी भाची अहमदपूरची. दाजींची शेती, सोयाबीन आणि तूर. पोरगी दहावीपर्यंत गावातल्या शाळेत, मराठी माध्यमात शिकली. मार्क चांगले पडले आणि आपल्याकडे जे होतं तेच झालं. लातूरला खोली, मेसचा डबा, कॉलेजात नावापुरती ॲडमिशन आणि खरा अभ्यास ट्यूशनला. फरक एवढाच की हिला डॉक्टर व्हायचं नाही. ग्रुप ए घेतलाय, फिजिक्सच शिकायचंय आणि पुण्याच्या आयसरला जायचं स्वप्न आहे. दाजींना आयसर म्हणजे काय हे मलाच समजावून सांगावं लागलं.

एके दिवशी तिचा फोन आला. "मामा, मी क्लासमध्ये विचारलं, सर, बल सारखं बदलत असेल तर हा फॉर्म्युला कसा चालेल? सर म्हणाले, हे नीटला येत नाही, लिहून घे आणि पुढे चल."

खरं तर बदलत्या बलाने केलेलं कार्य नीटच्या अभ्यासक्रमात आहे. पण ते सोडा. जिला नीट द्यायचीच नाही, तिला हे उत्तर?

दाजी म्हणाले, "तुमच्या एवढ्या ओळखी आहेत, बघा की एखादा मास्तर." मी म्हणालो, आठ दिवसांत बघतो. नांदेड आणि लातूरमध्ये फिजिक्सचा मास्तर मिळणार नाही, असं कुणाला वाटेल?

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, फिजिक्स बारावीनंतर सुटलं. म्हणून भाचीकडूनच एक प्रश्न घेतला आणि तो खिशात ठेवून फिरलो. प्रश्न असा:

२ किलोचा ठोकळा गुळगुळीत फरशीवर स्थिर आहे. त्याच्यावर बल लावलं. बल सुरुवातीला शून्य, मग दर सेकंदाला ४ न्यूटनने वाढत जातं. ३ सेकंदांनी ठोकळ्याचा वेग किती?

पाठ केलेल्या फॉर्म्युल्याने गेलात तर ३ सेकंदांनी बल १२ न्यूटन, भागिले २ म्हणजे त्वरण ६, गुणिले ३ म्हणजे वेग १८. चूक! बरोबर उत्तर ९ मीटर प्रति सेकंद. कारण बल पहिल्यापासून १२ नव्हतंच, ते शून्यापासून वाढत १२ वर गेलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर असं. नांदेडहून सुटलेली एसटी लोहा, अहमदपूर, चाकूरला थांबत थांबत लातूरला येते. लातूरच्या वेशीवर काटा ८० दाखवतो, म्हणून बस सगळा वेळ ८० नेच धावली असं धरून तुम्ही अंतर काढाल का? नाही काढणार. प्रत्येक क्षणाचा वेग वेगळा, तो थोडा थोडा करून जोडत जावा लागतो. या जोडत जाण्यालाच इंटिग्रेशन म्हणतात आणि हेच कॅल्क्युलस. वरच्या गणितात बल सरळ रेषेत वाढतं म्हणून सरासरी काढूनही भागतं. बल वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढलं तर अर्ध्याचा हा हिशोबही चुकतो, तिथं कॅल्क्युलसच लागतं.

हा प्रश्न घेऊन मी नांदेडला भाग्यनगर-श्यामनगरच्या बाजूला फिरलो, मग लातूरच्या ट्यूशन एरियात. एकूण सहा ठिकाणी गेलो. नावं लिहीत नाही, कारण हा एका-दोघांचा दोष नाही.

चार ठिकाणी शिकवणारा माणूस भेटलाच नाही. समोर काउन्सेलर. भिंतीवर डॉक्टर झालेल्या लेकरांचे फोटो, टेबलावर फीचा तक्ता, हप्त्यांची सोय, एसी वर्ग. मी म्हणालो, ग्रुप ए ची मुलगी आहे, फिजिक्स कॅल्क्युलससकट शिकायचंय. एका ताईंनी विचारलं, "म्हणजे मॅथ्सची बॅच का?" दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, इंजिनीअरिंगची वेगळी बॅच या वर्षी भरली नाही, नीटच्या बॅचमध्ये बसवा, मॅथ्स बाहेर लावा. पाचव्या ठिकाणी सर भेटले, प्रश्न बघितला, दोन मिनिटांत बरोबर सोडवला आणि म्हणाले, "शिकवीन की. पण एकटीसाठी तासाला हजार रुपये." सोयाबीनवाल्या घराला हा दर कसा परवडायचा?

सहाव्या ठिकाणी जे ऐकलं ते मात्र इथं लिहायलाच पाहिजे. तिथले सर माझ्या जुन्या ओळखीचे. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "पत्रकार, मला हे शिकवायला आवडत नाही असं वाटतं का तुम्हाला? पण माझ्यासमोर दोनशे लेकरं बसतात, त्यातली बहुतेक नीटची. त्यांनी मॅथ्स सोडलेलं आहे. मी फळ्यावर इंटिग्रेशनचं चिन्ह काढलं की मागच्या बाकावर मोबाईल निघतात आणि संध्याकाळी पालकांचा फोन येतो, सर पोर्शन मागे पडतोय. मी आठ दिवस कॅल्क्युलस शिकवलं तर शेजारचा क्लास तेवढ्यात दोन धडे संपवतो. पालक धडे मोजतात हो."

त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं नाही, पण खोटंही म्हणता येईना. हिशोब बघा. नीटला १८० प्रश्न, त्यातले ९० बायोलॉजीचे आणि फिजिक्सचे ४५. ७२० पैकी फिजिक्स १८० मार्कांचं. बायोलॉजी पाठ करून निम्मा पेपर निघतो, मग फिजिक्समध्ये जेवढे मिळतील तेवढे. क्लासवाल्यांनी या हिशोबाप्रमाणे दुकान लावलं. जेईई ॲडव्हान्स्डला मात्र फिजिक्स एक तृतीयांश आणि तिथं कॅल्क्युलसशिवाय पान हलत नाही. शिवाय नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येते, ॲडव्हान्स्डचा पेपर फक्त इंग्रजी आणि हिंदीत. मराठी माध्यमातून आलेल्या लेकराला दोन्ही बाजूंनी चढ.

आता कॉलेजकडे येऊ, कारण खरी जबाबदारी तिथं आहे. आपल्या बोर्डाच्या अकरावी फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा गणितीय पद्धतींचा आहे, त्यात डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची ओळख करून दिलेली आहे. म्हणजे पुस्तक करणाऱ्यांना गरज कळली होती. पण गणिताच्या पुस्तकात डिफरन्सिएशन येतं अकरावीच्या दुसऱ्या भागात, अगदी शेवटी. आणि इंटिग्रेशन थेट बारावीत. फिजिक्सचे सर म्हणतात, हे मॅथ्सवाले शिकवतील. मॅथ्सचे सर म्हणतात, अजून तिथवर आलो नाही. या दोघांच्या मधल्या जागेत लेकरू पडतं आणि पाठांतराला लागतं. पुढं इंजिनीअरिंगला गेलेली कित्येक पोरं पहिल्या वर्षी एम-वनमध्ये का अडकतात, त्याचं एक कारण इथं आहे.

आणि शिकवायचं तरी कुणी? किती कॉलेजांत फिजिक्सची जागा कायम भरलेली आहे आणि किती ठिकाणी तासिका तत्त्वावर भागवलं जातंय, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या कॉलेजात जाऊन विचारावं. तासाप्रमाणे पैसे, तेही महिनोन्‌महिने थकलेले. त्या माणसाने जास्तीचा तास कशाच्या जोरावर घ्यायचा?

लातूर पॅटर्न हा शब्द आपण अभिमानाने मिरवतो. तो मिरवायलाही हवा. पण तो सुरू कुठं झाला हे विसरू नका. राजर्षी शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, म्हणजे कॉलेजांच्या वर्गात. तिथले प्राध्यापक ठरलेल्या वेळेच्या आधी आणि नंतर जास्तीचे तास घ्यायचे, परीक्षांवर परीक्षा घ्यायचे, पेपर तपासून लेकराला समोर बसवून चूक दाखवायचे. पुण्या-मुंबईच्या बरोबरीने बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आपली नावं झळकली ती या मेहनतीवर. सराव त्या पॅटर्नमध्येही होता, पाठांतरही होतं, मी त्याला सोन्याचा मुलामा देत नाही. पण शिकवणारा माणूस कॉलेजचा होता आणि गरिबाच्या लेकरालाही तोच मिळत होता. आता कॉलेजात हजेरी, ट्यूशनला शिकवणी आणि रात्री टेस्ट सिरीज. पॅटर्नचं नाव राहिलं, मास्तर बाहेर गेला.

कुणी म्हणेल, मोबाईलवर सगळं फुकट आहे, मास्तर कशाला? आहे, मान्य. एच. सी. वर्मांचं पुस्तक आहे, त्यात दुसऱ्याच प्रकरणात फिजिक्सला लागणारं गणित दिलंय. स्वयमवर व्याख्यानं आहेत. महाज्योतीने तर ओबीसी, भटक्या-विमुक्तांच्या लेकरांना टॅब देऊन ऑनलाईन कोचिंग सुरू केलं, चांगली गोष्ट आहे. पण भाचीने जे सांगितलं ते ऐका. "मामा, व्हिडिओ बघताना सगळं कळतं. वही उघडली की अडते. कुठं अडले ते व्हिडिओला विचारता येत नाही ना." फॉर्म्युला मोबाईल देईल, पण तुझी चूक या ओळीत झाली हे सांगायला माणूस लागतो.

शेवटी मास्तर मिळाला. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारा तिशीतला पोरगा. नांदेडच्या विद्यापीठातून फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेला. एका वार्ताहर मित्राच्या ओळखीतून त्याचा पत्ता लागला. प्रश्न दाखवला तर त्याने आधी उत्तर काढलंच नाही. भाचीला म्हणाला, "बल आणि वेळेचा आलेख काढ. आता त्याच्या खालचं क्षेत्रफळ मोज." तिने त्रिकोण काढला, पाया ३, उंची १२, क्षेत्रफळ १८. "हा झाला संवेग. आता वस्तुमानाने भाग." नऊ! पोरगी हसायलाच लागली. मग तो म्हणाला, "आता रेषा सरळ नसेल तर?" आणि तिथून इंटिग्रेशन सुरू झालं. सगळं मराठीत, इंग्रजी शब्द जिथल्या तिथं. दर रविवारी दीड तास. पैसे घ्यायलाही तयार नव्हता, दाजींनी बळेच दिले.

म्हणजे मास्तर आपल्याकडे आहेत. पण त्यांना कायम नोकरी नाही, आणि क्लासच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो येत नाही म्हणून लेकरांना ते सापडत नाहीत.

मला मास्तर मिळाला कारण मी पत्रकार आहे, चार माणसं ओळखतात, दोन महिने फिरायला गाडी आहे. ज्या लेकराचा मामा पत्रकार नाही, त्याने काय करायचं? किनवट, देगलूर, जळकोट, निलंग्याच्या पोराने कुणाला फोन करायचा? ते लेकरू "मला फिजिक्स जमत नाही" म्हणून गप्प बसतं आणि आयुष्यभर तसंच समजत राहतं. मला राग येतो तो याचा.

म्हणून चार गोष्टी जाहीरपणे मागतो.

एक. प्रत्येक ज्युनिअर कॉलेजने अकरावी सुरू होताच पहिले तीन आठवडे फिजिक्स आणि मॅथ्सच्या शिक्षकांनी मिळून फक्त लागणारं कॅल्क्युलस शिकवावं. याला शासनाच्या जीआरची वाट बघायची गरज नाही, प्राचार्यांनी वेळापत्रक बदललं की झालं.

दोन. नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि तिथंच एसजीजीएस इंजिनीअरिंग कॉलेज. दोन्हीकडे फिजिक्स-मॅथ्सची हुशार पोरं आहेत. रविवारी दोन वर्गखोल्या उघडा, शंका घेऊन कुणीही यावं. शिकवणाऱ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना कमवा आणि शिका योजनेतून मानधन द्या. लातूरच्या जुन्या कॉलेजांनीही हे करावं, पॅटर्न त्यांचाच आहे.

तीन. फिजिक्स-मॅथ्सच्या रिकाम्या जागा भरा. आमदार, खासदार, दोन्ही जिल्ह्यांतल्या नेत्यांनी क्लासच्या उद्घाटनाला रिबीन कापायला जाताना हा प्रश्न एकदा अधिवेशनात विचारावा.

चार, पालकांसाठी. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, खोटी आश्वासनं देऊ नयेत असं त्यात आहे. पण सूचनेने फ्लेक्स उतरत नाहीत. तुम्ही फी भरायच्या आधी काउन्सेलरला बाजूला ठेवा, शिकवणाऱ्या सरांना भेटा आणि वरचा ठोकळ्याचा प्रश्न पुढे करा. उत्तर १८ आलं तर उठून या. ९ आलं तर कसं आलं ते विचारा. लेकराला समजेल असं सांगितलं, तरच खिशात हात घाला.

कालच भाचीचा फोन होता. म्हणाली, "मामा, पाण्यात पडणाऱ्या गोट्यावर विरोध वेगाप्रमाणे वाढत जातो, मग तो किती वेगाने पडेल?" मला काही कळलं नाही. पण तिने विचारणं सोडलं नाही, एवढं कळलं.

तुमच्या गावात असा एखादा मास्तर असेल, जो रविवारी दोन तास द्यायला तयार असेल, तर त्याला विचारून मला मेसेज करा. नंबर कमेंटमध्ये टाकू नका. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडची यादी करतो आणि मागेल त्या लेकरापर्यंत पोचवतो. क्लासवाल्या मित्रांनी रागावू नये. बाजू मांडायची असेल तर मांडा, ती इथंच छापतो.