क्युट आहे, पण उचलू नका!

जानेवारीतला वीकएंड. समृद्धीवरून मेहकरला उतरून आमची गँग हिवरा आश्रमला निघाली होती. निमित्त विवेकानंद जयंतीच्या उत्सवाचं, खरं आकर्षण तिथल्या पुरी आणि वांग्याच्या भाजीचं. (डाएट? ते सोमवारपासून.) लाखो माणसं पंगतीला बसतात आणि वाढप चक्क ट्रॅक्टरमधून येतं, हे एकदा बघायचंच होतं.

वाटेत फोटोसाठी थांबलो, तर सोंगणी चाललेल्या तुरीच्या कडेला दोन पिल्लं. मातकट रंग, अंगावर पुसट पट्टे, डोळे जेमतेम उघडलेले. ‘अय्या, सो क्युट!’ म्हणत एकीने ओढणी पसरली. दुसऱ्याने नावंही ठरवून टाकली, मोका आणि लाटे. पुण्याला न्यायचा प्लॅन पक्का! तेवढ्यात हातातली पेंढी खाली ठेवून शेतकरी काका आले.

‘ठेवा तिथंच, भाऊ. त्यांची माय येईन रातच्याला.’

ती रानमांजराची पिल्लं होती. आई जवळच कुठेतरी दडून, आम्ही कधी टळतो याची वाट बघत असणार. पिल्लं एकटी दिसली म्हणजे अनाथ झाली असं नसतंच. जुन्नरकडे ऊसतोडीत वाघाटीची पिल्लं सापडतात, तेव्हाही वनविभागाची माणसं ती संध्याकाळी त्याच जागी नेऊन ठेवतात. आई येते, मान तोंडात धरते आणि एकेक करून घेऊन जाते. वाघाटी म्हणजे जगातल्या सर्वांत छोट्या मांजरांपैकी एक. वजन जेमतेम तुमच्या लॅपटॉपइतकं, पण वन्यजीव कायद्यात जागा थेट वाघाच्या शेजारी, पहिल्या अनुसूचीत. वाघाटी काय नि रानमांजर काय, घरी पाळणं हा गुन्हाच.

आणि काकांचा यात फायदा? उंदीर! राजस्थानातल्या सरिस्कात रानमांजरांवर अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर फस्त करतं. वर्षाचा हिशोब तुम्हीच करा. बिनपगारी, बिनसुट्टीचा एम्प्लॉयी!

बुलडाण्यात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालत तिथे पोचला आणि रातोरात स्टार झाला. या मांजरांना मात्र अभयारण्याची हद्द कुठे ठाऊक? त्यांचं घर म्हणजे बांध, नाल्याकाठचं गवत, बोरी-बाभळीचा माळ. सरकारी कागदावर अशा माळाला ‘पडीक’ म्हणतात. मला तर हा शब्दच खटकतो. एकदा पडीक म्हटलं की जेसीबी घालायला कुणाची हरकत नसते. सेकंड होमसाठी प्लॉट बघायला जाणारे आपणही त्यातलेच.

काकांनी मजुरांना हाक मारली आणि दुसऱ्या टोकाला लावलं. तेवढा तुरीचा पट्टा उभा सोडला. अर्ध्या दिवसाची मजुरी वाढली, पण त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आम्ही त्यांचा नंबर घेतला. त्यांना वनविभागाची हेल्पलाइन दिली, १९२६. (ती तुम्हीही सेव्ह करा.)

जेवून परतताना अंधार पडला होता. त्या शेतापाशी सगळ्यांनाच उतरायचं होतं. उतरलो नाही. काचा वर, गाणी बंद.

सकाळी काकांचा फोन. ‘दोन्ही नेली. आता सोंगतो.’