झाकण काढू का?

ओव्हरक्लॉकिंगचा फंडा सोपा आहे. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा. पैसे तेवढेच, स्पीड जास्त! पण फुकट काही मिळत नाही, बॉस. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि व्होल्टेज वाढलं की चिप तापते. त्यात आमच्या मराठवाड्याचा मे महिना!

लातूरचा माझा एक मित्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. ऐन लग्नसराईत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, त्याचा पीसी तासन्‌तास रेंडरिंग करत असतो. मध्यंतरी त्याचा फोन आला, "लई तापायलाय रे. झाकण काढू का?"

झाकण काढणं म्हणजे डीलिडिंग. प्रोसेसरवरचं धातूचं झाकण उचकटायचं, आतली पेस्ट पुसायची आणि तिथे गॅलियमचं लिक्विड मेटल लावायचं. हे वेड २०१२ नंतर फोफावलं. त्या वर्षीच्या आयव्ही ब्रिज चिप्समध्ये इंटेलने झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्ट भरली आणि हौशी मंडळींनी झाकणं काढून तापमान १०-२० अंशांनी उतरवलं. पण २०१८ मध्ये कोअर आय-९ ९९००के आली आणि तिच्यात सोल्डर परत आलं. सोल्डरवालं झाकण उचकटताना चिपच फुटू शकते. शिवाय लिक्विड मेटलमधून वीज वाहते, ॲल्युमिनियम ते खाऊन टाकतं आणि वॉरंटी तर गेलीच.

मी उलट विचारलं, "खोलीत किती आहे?" म्हणाला, "एक्केचाळीस."

आता गणित बघा. चिप खोलीपेक्षा ५० अंश वर राहते असं धरू. खोली २५ वर असेल तर चिप ७५ वर. तीच चिप, तोच पंखा, पण खोली ४१ वर असेल तर चिप थेट ९१ वर! ९५ ते १०० च्या आसपास बहुतेक चिप्स स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे ओव्हरक्लॉक करून कमावलेलं उन्हानं खाल्लं. पंखा कितीही महागडा असो, खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. लातूर निदान बालाघाटच्या पठारावर, ६०० मीटरहून उंच आहे. माझं नांदेड गोदाकाठी, बरंच खाली. तिथे तर विचारूच नका.

मग खोलीत कूलर लावावा? कोरड्या उन्हाळ्यात तो झकास चालतो, पण पाणी पितो. आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन आलेली रेल्वे लातूरकर विसरलेले नाहीत. गंमत म्हणजे चिपवरच्या हीट पाइपमध्येही कूलरचीच ट्रिक असते. तांब्याच्या बंद नळीत जरासं पाणी, गरम टोकाला त्याची वाफ, गार टोकाला पुन्हा पाणी. फरक एवढाच की हे पाणी परत भरावं लागत नाही!

मित्राला मी वेगळाच उपाय सांगितला. आधी धूळ झाड, झाकणावरची पेस्ट बदल आणि मग व्होल्टेज वाढवायच्या ऐवजी उतरव. चिपची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवलं, तर कामातून निघणारी उष्णता साधारण १९ टक्क्यांनी घटते. अर्थात पायरी पायरीने उतरायचं. पीसी हँग झाला की एक पायरी मागे. मोठं रेंडरिंग रात्री, खिडक्या उघड्या टाकून लावायचं.

नवरदेवाला व्हिडिओ वेळेवर हवा असतो. चिप किती गिगाहर्ट्‌झवर पळाली, हे तो कशाला विचारतोय?