गडाचा घेरा आणि आपण

रायगडाचा रज्जुमार्ग हिरकणीवाडीतून सुटतो, यातला योगायोग आम्हाला नेहमीच बोलका वाटत आला आहे. दूध घालायला गडावर गेलेली आणि दरवाजे मिटल्यावर तान्ह्यासाठी कडा उतरून आलेली ती गवळण आख्यायिकेतली असेल. पण गड पायथ्याच्या माणसांवर जगत होता, हे सत्य तिने इतिहासग्रंथांहून अधिक ठसठशीतपणे जपले आहे. १९९६ पासून पर्यटक तिच्या वाडीच्या डोक्यावरून काही मिनिटांत माथ्यावर पोहोचतो. वाटेवर ताक विकणाऱ्या बाया भेटतात त्या पायऱ्या चढणाऱ्यालाच. हिरकणीसाठी आपले डोळे पाणावतात. ताकवालीला मात्र आपण 'अतिक्रमण' या सदरात टाकतो.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा किल्ले आणि तमिळनाडूतील जिंजी जागतिक वारसा यादीत आले. आनंद झालाच. पण त्या अकरांपैकी पन्हाळ्यावर आजही नांदते गाव आहे, आणि नामांकनाच्या काळात तिथल्या रहिवाशांनी विस्थापनाची भीती जाहीरपणे बोलून दाखवली होती. त्या भीतीला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पुरातत्त्व कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रित आहे. स्मारकाला हे हवेच. मात्र ज्याचे घरच त्या शंभर मीटरांत आहे, त्याला वारसा म्हणजे काय ते नोटिशीतूनच कळते. २००७ साली जागतिक वारसा समितीनेही आपल्या उद्दिष्टांत 'समुदाय' हा शब्द उशिराने जोडला; तो आपल्या तालुक्याच्या कचेरीपर्यंत पोहोचायचा आहे.

आम्हाला गावकऱ्याची पूजा बांधायची नाही. 'स्थानिक' हा शब्दही तपासूनच घ्यावा लागतो: पायथ्याला हॉटेल बांधणारा जमीनमालक स्थानिक, आणि त्याच हॉटेलात भांडी घासणारी बाईही स्थानिकच. सहभागाच्या बैठकीला यांपैकी कोण बसते, यावर सारे अवलंबून आहे. आराखडा तयार झाल्यावर हरकती मागवणे म्हणजे सहभाग नव्हे. तिकिटाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा ग्रामपंचायतीला मिळावा, डागडुजीच्या कामावर आधी घेऱ्यातल्या हातांना घ्यावे, वाटाड्याचे प्रशिक्षण गावातल्या तरुण-तरुणींना द्यावे. त्यात फसवाफसवी होईल, भांडणे होतील. ती आजही होतातच, फक्त गावाला वगळून.

ही कल्पना परकी नाही. गडाच्या घेऱ्यात मेटे वसवून रामोशी, कोळी, महार, बेरड यांच्याकडे राखण सोपवली जाई आणि त्याबदल्यात त्यांना जमिनी मिळत. ती व्यवस्था जातीने बांधलेली होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण राखणदाराचा गडात हिस्सा असला पाहिजे, एवढी समज तिच्यात होती.

आपल्या वर्गांतून रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' शिकवले जाते, बहुधा गद्यशैलीचा नमुना म्हणून. त्यात आरमाराला लाकूड हवे असतानाही रयतेने लेकरासारख्या वाढवलेल्या आंब्या-फणसाला हात लावू नये, फारच निकड पडली तर धन्याला राजी करून, मोल देऊन जीर्ण झाड घ्यावे, अशी ताकीद आहे. पुढच्या वेळी तो उतारा शिकवताना पन्हाळ्याची ती भीतीही वर्गात यावी, अशी आमची सूचना आहे.