निधि कीं निक्षेप?

पुण्यांतील वाचकांस वेताळ टेकडी ठाऊक असेलच. समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंचीचें तें शहरांतील सर्वांत उंच ठिकाण. सेवानिवृत्त झाल्यापासून आम्ही तेथें वरचेवर फिरावयास जातों. परंतु तेथें एखादा गुप्त निधि असेल, हें आमच्या स्वप्नींही नव्हतें. तो आम्हांस दाखविला आमच्या तेरा वर्षांच्या नातवानें.

‘जिओकॅशिंग’ हें या खेळाचें नांव. अमेरिकेच्या कृत्रिम उपग्रहांवरून पृथ्वीवरील आपलें स्थान कळतें. परंतु पूर्वीं सामान्य जनांस मिळणाऱ्या संदेशांत तेथील सरकार मुद्दाम चूक मिसळीत असे. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभीं ही चूक काढून टाकण्यांत आली, आणि लगेच ३ मे रोजीं डेव्ह उल्मर या गृहस्थांनीं ओरेगन प्रांतांत एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेथून हा खेळ जगभर पसरला. नियम थोडे: शोधणाऱ्यानें डब्यांतील वहींत नांव लिहावें, एखादी वस्तु घेतल्यास निदान तितक्याच मोलाची दुसरी ठेवावी, व डबा होता तसा झांकून ठेवावा. पाहणारा कोणी नाहीं.

येथें घरांतील एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. त्या उन्हाळ्यांत नातवानें आजीच्या डब्यांतून पैसे घेतले, आणि विचारतां “मी नाही” म्हणून सांगितलें. रक्कम क्षुल्लक, पण तेव्हांपासून कपाटाची किल्ली आमच्या जानव्यास आली, आणि मुलगा आमच्याशीं बोलेनासा झाला. म्हणून “आजोबा, याल का टेकडीवर?” असें त्यानें आपण होऊन विचारलें, तेव्हां गुडघ्यांची तक्रार आम्हीं बाजूस ठेविली.

श्रावणांतील सकाळ होती. कोथरुडाच्या बाजूनें आम्ही चढलों. वेताळाच्या देवळापाशीं पोंचतों तों ढग हटले. दक्षिणेस सिंहगड, आग्नेयेस पर्वती, पश्चिमेस पाषाणचा तलाव! पुस्तकांत वाचलेला गड आपल्या टेकडीवरून दिसतो, हें त्या मुलानें प्रथमच पाहिलें.

मोबाइलनें आम्हांस एका खडकापर्यंत आणून सोडलें आणि तो घोटाळूं लागला. खडकांवर आपटून आलेले संदेश असे फसवितात. शेवटचीं दहा पावलें डोळ्यांनींच शोधावीं लागतात. एका कपारींत जरा जास्तच नीट रचलेले दगड नातवास दिसले. मागें डबा! आंत वही, गोट्या, एक परदेशी नाणें, आणि एक लहानसें पितळी होकायंत्र. त्यावर त्याची बोटें बराच वेळ थांबलीं. आम्ही पाठ फिरवून सिंहगडाकडे पाहत बसलों.

उतरतांना तो म्हणाला, “आजोबा, होकायंत्र घ्यावंसं वाटलं होतं. पण बदल्यात ठेवायला माझ्याजवळ काही नव्हतं.”

आम्हीं वळून पाहिलें नव्हतें, हें त्यास ठाऊक होतें.

मनूनें व्यवहाराचीं १८ पदें सांगितलीं, त्यांत ऋणानंतर लगेच ‘निक्षेप’ येतो. निक्षेप म्हणजे विश्वासानें दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली ठेव. निधि सांपडला तर आपण आनंदतों. निक्षेप मात्र आपली परीक्षा पाहतो. त्या डब्यास आम्ही निधि समजत होतों. लपविणाऱ्यानें मात्र तो अनोळखी लोकांवर विश्वासून ठेविला होता. आणि आम्ही आपल्याच नातवापासून किल्ली लपवून बसलों होतों! घरीं येतांच ती आम्हीं पुन्हां खुंटीवर अडकविली.

वाचकांनीं मुलांबरोबर हा शोध अवश्य करून पाहावा. मात्र डब्यासाठीं जमीन उकरूं नये, गडकोटांचे जुने दगड हलवूं नयेत, आणि पावसाळ्यांत निसरड्या कड्यांपासून दूर राहावें.

पुढील रविवारीं नातू पुन्हां टेकडीवर गेला. होकायंत्र आतां त्याच्या मेजावर आहे. डब्यांत त्यानें आपला सर्वांत आवडता भोवरा ठेविला.