विश्लेषण : एका खोलीच्या दवाखान्याला कायदा किती? आरोग्य सुधारणांचा खासगी डॉक्टरांवर काय परिणाम?

मालाड स्थानकाबाहेरून सुटणारी बेस्टची २७१ क्रमांकाची बस अक्सा, एरंगळ करत मढला पोहोचते. दुसरा मार्ग वर्सोव्याच्या फेरी बोटीचा, पण समुद्र खवळला की तिचाही भरवसा नसतो. रात्री मुलाला ताप भरला, तर महापालिकेचे कांदिवलीतील शताब्दी किंवा विलेपार्ल्यातील कूपर रुग्णालय गाठण्याआधी मढसारख्या कोळीवाड्यातील माणूस जवळच्या खासगी डॉक्टरकडे धावतो. हा दवाखाना चालतो तो एका डॉक्टरच्या आणि एखाद्या मदतनिसाच्या बळावर. गेल्या काही वर्षांतील आरोग्य सुधारणांनी त्याच्यासाठी नेमके काय बदलले, याचा आढावा.

दवाखान्याची नोंदणी कुठे होते?

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू होतो. मुंबईत त्याची अंमलबजावणी महापालिका करते आणि नोंदणीचे नूतनीकरण दर तीन वर्षांनी करावे लागते. पण या कायद्याच्या व्याख्येत रुग्णाला दाखल करून उपचार व शुश्रूषा देणारी जागा येते. नुसती तपासणी करून औषध लिहून देणारा दवाखाना तिच्या बाहेर राहतो. म्हणजे दहा खाटांच्या प्रसूतिगृहाला नोंदणीची सक्ती आहे, रोज शंभर रुग्ण तपासणाऱ्या दवाखान्याला या कायद्याखाली ती नाही.

ही पोकळी भरू शकणारा वैद्यकीय आस्थापना कायदा केंद्राने २०१० मध्ये केला. एका डॉक्टरचा दवाखानाही त्याच्या कक्षेत येतो. मात्र आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने तो स्वीकारायचा की नाही हे राज्याने ठरवायचे असते. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही.

मग डॉक्टर मोकळा आहे का?

तसे अजिबात नाही. जागेची नोंदणी नसली तरी माणसाची आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरला महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे ३० गुण जमवावे लागतात. वापरलेली सुई आणि कापूस यांना २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू आहेत. खाटा नसलेल्या दवाखान्यालाही प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते आणि हा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. उपचारात हलगर्जी झाल्यास रुग्ण ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच हा मार्ग खुला केला.

२०२१ च्या नियमांनी काय बदलले?

जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती झाली. करोनाकाळातील बिलांवरून झालेल्या तक्रारी तेव्हा ताज्या होत्या. दरपत्रक दर्शनी भागात लावणे, रुग्णहक्कांची सनद पाळणे, तक्रार निवारणाची व्यवस्था हे त्यातील महत्त्वाचे भाग. त्याच महिन्यात भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा बालके दगावली, एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला. अग्निसुरक्षेची तपासणी कडक झाली. आग प्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा द्यावे लागते.

यातील एकही अट अनाठायी नाही. प्रश्न आहे तो खर्चाच्या वाटणीचा. समजा, या सगळ्या पूर्ततेसाठी दहा खाटांच्या रुग्णालयाला वर्षाला तीन लाख रुपये लागतात. खाटेमागे ३० हजार झाले. तीनशे खाटांच्या रुग्णालयाला पाचपट, म्हणजे १५ लाख लागले, तरी खाटेमागे पाच हजारच पडतात. आकडे उदाहरणादाखल असले तरी गणिताची दिशा हीच आहे. अशा वेळी छोट्या रुग्णालयाच्या डॉक्टरसमोर तीनच वाटा उरतात : दर वाढवणे, मोठ्या साखळीत सामील होणे किंवा खाटा काढून फक्त तपासणी ठेवणे. तिसरी वाट धरली की तो नोंदणी कायद्याच्याही बाहेर पडतो.

सरकारी योजनांत या डॉक्टरला जागा आहे का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढले आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली. पण ती प्रामुख्याने दाखल रुग्णांसाठी आणि ठरावीक रुग्णालयांपुरती आहे. ताप, मधुमेह, रक्तदाब यांसाठी दवाखान्यात दिलेली फी तिच्यात बसत नाही. दुसरीकडे, २०२२ पासून मुंबईत सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांत तपासणी, औषधे आणि १४७ प्रकारच्या चाचण्या मोफत आहेत. रुग्णाच्या दृष्टीने ही चांगलीच सोय. मात्र आजवर प्राथमिक उपचारांचा भार वाहणारा खासगी डॉक्टर दोन्ही योजनांच्या बाहेर राहिला.

होमिओपॅथी डॉक्टरांचा वाद काय आहे?

उपनगरांतील अनेक दवाखाने होमिओपॅथीचे पदवीधर चालवतात. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यास त्यांना मर्यादित ॲलोपॅथी औषधे देता यावीत, अशी कायदा दुरुस्ती राज्याने २०१४ मध्ये केली. इंडियन मेडिकल असोसिएशनने तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. २०२५ मध्ये या डॉक्टरांची वैद्यक परिषदेकडे स्वतंत्र नोंदणी करण्याच्या हालचालींना जुलैत स्थगिती मिळाली, सप्टेंबरमध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि १८ सप्टेंबरला ॲलोपॅथी डॉक्टरांनी २४ तास काम बंद ठेवले. एका बाजूचे म्हणणे, एका वर्षात औषधशास्त्र येत नाही. दुसरी बाजू विचारते, एमबीबीएस डॉक्टर जिथे बसायला तयार नाही, तिथे रुग्णाने कोणाकडे जायचे?

इतर राज्यांनी काय केले?

कर्नाटकने २०१७ मध्ये खासगी आस्थापनांचा कायदा कडक करायला घेतला, तेव्हा डॉक्टर संपावर गेले आणि सरकारला काही तरतुदी सौम्य कराव्या लागल्या. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. तिथेही आंदोलनानंतर ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांना वगळण्याचे सरकारने मान्य केले. दोन्हीकडचा धडा सारखाच आहे. छोट्या डॉक्टरला मोठ्या रुग्णालयाच्या मापाने मोजले की तो विरोधात उभा राहतो, आणि तडजोडीत बहुधा रुग्णाचा हक्कच आधी आखडतो.

पुढे काय?

महाराष्ट्राला स्वतःचा आस्थापना कायदा करायचा असेल, तर दवाखान्यासाठी सोपी नोंदणी आणि मोजक्या अटी, छोट्या रुग्णालयासाठी मुदत देऊन पूर्तता, मोठ्यांसाठी पूर्ण नियम अशी चढती रचना शक्य आहे. तिचा पहिला फायदा रुग्णालाच होईल. दारावरच्या पाटीमागे खरा डॉक्टर आहे की बोगस, हे त्याला नोंदणी क्रमांकावरून तपासता येईल. तोवर मढसारख्या टोकाच्या गावात हा निर्णय ओळखीवर आणि विश्वासावरच होत राहील. जवळचा दवाखाना नियमांच्या ओझ्याने बंद पडला, तर मालाडची बस धरण्यावाचून पर्याय नाही. आणि तो कोणत्याच नोंदीत नसेल, तर चूक झाल्यावर दाद मागायची कुठे, हा प्रश्नही रुग्णाच्याच वाट्याला येतो.